विहीणबाई, निकाल लागला

विहीणबाई, निकाल लागला.

मला अजून दम लागतोय. काल दुपारी मनालीहून घरी पोचले, आज सकाळी जे करायचं होतं ते करून टाकलं, आणि हातपाय धुऊन लगेच वही घेऊन बसले. समोरच्या चहावर साय धरली, पण उठवत नाही. तुम्ही असता तर लिहायची गरजच नव्हती. फोन लावला असता, आणि तुम्ही हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं असतं, "बाकी राहू द्या, कोन जिंकलं ते सांगा!" नाही सांगणार. सगळं ओळीनं सांगणार. तुम्हाला वाट बघायला लावायची मला फार हौस होती आणि तुम्ही ती कधी पुरी होऊ दिली नाहीत. आता बसा ऐकत.

एक्केचाळीस दिवस झाले तुम्हाला जाऊन. सकाळी वेणी घालता घालता गेलात. रावेरहून फोन आला तेव्हा सुरेखा, तुमची लेक आणि माझी सून, माझ्यासमोर कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होती. पिठाच्या हातानंच तिनं फोन धरला. तिचा चेहरा बघून मला सगळं कळलं, आणि पहिल्यांदा मनात काय आलं माहीत आहे? रडू नाही आलं. मनात आलं, आपली शर्त राहिली की हो! लाज वाटली मला स्वतःची. पण तुमच्यापाशी खोटं कशाला लिहू, तेच आलं.

ती शर्त कशावरून लागली हे ऐकून लोक हसतील. एक म्हातारी शिंदखेड्याची, एक रावेरकडची. दोघींनी जन्मात बर्फ बघितला तो उसाच्या रसवाल्याकडं, भुशात गुंडाळलेला. आणि भांडण कशावरून? तर बर्फावरून घसरताना पायाला दोन पट्ट्या बांधाव्यात की एकच फळी!

सगळं आपल्या नातीनं, तेजूनं सुरू केलं. पोरगी धुळ्याला कॉलेजात शिकते आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायला पळते, हे कुणाकडून आलं ते देवाला माहीत. तुम्ही म्हणायचात तुमच्याकडून, मी म्हणायचे माझ्याकडून. दिवाळीत तिनं आपल्या दोघींना एकदम व्हिडिओ कॉल लावला. एका चौकोनात मी, एका चौकोनात तुमचं अर्धं कपाळ. तुम्हाला कधी तो फोन नीट धरता आला नाही.

"आज्यांनो, मदत करा. हिमाचलमध्ये चौदा दिवसांचा वर्ग आहे. स्कीइंग नाहीतर स्नोबोर्डिंग, एकच घेता येतं. काय घेऊ?"

मग तिनं दोन्ही दाखवलं. स्कीइंगमध्ये दोन पायांना दोन लांब अरुंद पट्ट्या, हातात दोन काठ्या, माणूस समोर तोंड करून सरळ उतरतो. स्नोबोर्डिंगमध्ये रुंद फळी एकच, दोन्ही पाय तिच्यावर आडवे जखडलेले, हात मोकळे, आणि माणूस खेकड्यासारखा तिरपा जातो. मी म्हटलं, "दोन पट्ट्याच घे गं बाई. प्रत्येक पायाला आपापलं काही असावं. दोन बैलं असतात म्हणून गाडी सरळ जाते."

तुमचं कपाळ हललं. "विहीनबाई, ती घसरून राह्यली का औत हाकून राह्यली? तेजू, तू एकच फळी घे. दोन फळ्या अन् एक चालली यावलले, दुसरी चालली रावेरले, मंग पोरीनं कोठी जावं?"

मी इतकी हसले की पदर तोंडात धरावा लागला. आणि हसता हसता मला जाणवलं, की बावीस वर्षांत मी तुमच्याबरोबर पहिल्यांदा हसतेय.

बावीस वर्षं आपण बोलत होतो, पण सुरेखाच्या तोंडून. "तुझ्या आईला सांग, लोणचं पोचलं." "तुझ्या सासूले सांग, केळीचं खोकं यस्टीनं पाठोलं." खोकं यायचं, केळी पिकायची, संपायची, आणि मी कधी स्वतः फोन उचलून म्हटलं नाही, की विहीणबाई, गोड होती. का नाही म्हटलं, ते तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. त्याच्याकडं येते. आधी फळीचं.

दिवाळीनंतर काय सुरू झालं आपलं! रोज दुपारी जेवणं उरकली की तुमचा फोन. तुम्ही व्हिडिओ बघून मुद्दे काढायचात, मी तुमचे मुद्दे खोडायला दुसरे व्हिडिओ बघायचे. तुम्ही म्हणायचात, फळीवर पायात पाय अडकायची भानगडच नाही. मी म्हणायचे, पाय जखडलेला माणूस पडला तर उठणार कसा? तुम्ही म्हणायचात, हातात काठ्या घेऊन जायचं तर ती काय गुरं राखायला चालली? मी म्हणायचे, काठी आधार असते, तुम्हीसुद्धा गुडघा दुखला की काठी घेता. यावर तुम्ही एकदा गप्प झालात आणि मला चुटपुट लागली. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला, "काठीचा मी रातभर इचार केला. काठी म्हातारपनात बरी. तेजू म्हातारी हाये का?" झालं, माझी चुटपुट गेली आणि मी परत कमरेला पदर खोचला.

तेजू वैतागली. म्हणाली, "तुम्ही दोघी बोलूनच बर्फ वितळवाल. होळीच्या आधी फॉर्म भरायचाय. त्याच्या आधी तीन दिवस मनालीला जाऊ, भाड्यानं सामान मिळतं, मी दोन्ही करून बघते. तुम्ही पण चला." आपण दोघींनी एका वेळी "हो" म्हटलं. माझा मुलगा म्हणाला, "आई, वय बघ." मी म्हटलं, "मी काय म्हातारी शे का?" तिकडून तुमचा आवाज, "हाये तं! पन मी नी."

आणि मग संक्रांतीच्या आठवड्यात तुमच्याकडं मी आले. आपण हळदीकुंकवाला गेलो होतो, दोघी नव्या कोऱ्या साड्यांमध्ये. परत येताना तुम्ही शेतात थांबवलंत. म्हणालात, "सराव करू." मी म्हटलं कसला सराव, इथं कुठं बर्फ? तुम्ही काही न बोलता विळा घेतलात, घड कापून झालेल्या केळीच्या आडव्या खांबाची सोपटं, म्हणजे सालीचे लांब पदर, सोलून माझ्यासमोर टाकलीत. ओली, गार, आतून तुपासारखी गुळगुळीत. तुम्ही लहानपणी त्याच्यावर बसून पाण्याच्या पाटाच्या भरावावरून घसरायचात म्हणे. मला म्हणालात, "दोन घ्या, बांधा पायाले सुतळीनं. मी एक घेते. पाहू."

तो पाटाचा भराव उंच किती? दोन पुरुष असेल. वर उभं राहिल्यावर मला तो सातपुड्याएवढा वाटला. खाली गवत, पुढं केळीचा बाग, माणूसबिणूस नाही. मी दोन अरुंद सोपटं बांधून उभी, तुम्ही एक रुंद सोपट आडवं टाकून त्यावर दोन्ही पाय ठेवून उभ्या. वय माझं चौसष्ट, तुमचं सदुसष्ट. तुम्ही "एक, दोन" म्हणालात आणि तीन म्हणायच्या आधीच निघालात, लबाड कुठल्या! मी तुमच्या मागं. माझं एक सोपट खरंच यावलला निघालं आणि एक रावेरला. मी मधे बसले ते थेट खाली. तुम्ही तोपर्यंत आडव्या होऊन गवतात लोळत होतात, चष्मा एका कानावर, आणि हसत होतात. तुमच्या त्या हसण्याला आवाजच नव्हता, नुसते खांदे उडत होते.

उठून बघतो तर दोघींच्या साड्यांना केळीचा चीक. तपकिरी डाग, पोटरीपासून कमरेपर्यंत. मी म्हटलं, "अहो, केळीचा चीक जन्मात निघत नाही, आणि हे रावेरच्या बाईला माहीत नाही?"

"माहीत हाये."

"मग आधी सांगायचं ना! नवीन साडी होती."

तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "सांगलं असतं तं तुमी आल्या नसत्या."

तिथंच, गवतात बसल्या बसल्या, तुम्ही शर्त घातलीत. तेजू बर्फावर दोन्ही करून बघेल, आणि शेवटी फॉर्मवर जे लिहील त्यावर निकाल. फळी लिहिली तर तुम्ही जिंकलात, पट्ट्या लिहिल्या तर मी. "तेजूले शर्तीचं काही सांगायचं नाही. पोरगी दयामाया करीन." मी म्हटलं, कबूल. "अन् जी हारीन तिनं जिंकनारीसाठी पायघड्या टाकायच्या." मी हसत होते, ती थांबले. तुम्ही सोपट सोलत सोलत, माझ्याकडं न बघता पुढं म्हणालात, "दोनच. मांगची पुढं, मांगची पुढं."

विहीणबाई, बावीस वर्षांत तुम्ही त्या दिवसाचं नाव काढलं ते एवढंच.

त्या दिवसाचं मी आता लिहून टाकते. तुमच्या दारातलं लग्न, वैशाखातलं ऊन. मी वरमाय. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वरमाय पायघड्यांवरून जाणार, तिचा पाय मातीला लागता कामा नये, हा आमच्या घरचा मान. पायघड्या टाकणारा परीट दुसऱ्या लग्नात अडकला, आणि तुमच्या घरात सापडल्या त्या दोनच चादरी. कुणी समजूतदार बाई असती तर म्हणाली असती, राहू द्या, चालत येते. मी माझा शालू सावरत देवळाच्या पायरीवर उभी राहिले. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "वरमायना पाय खाले लागाले नको." मला ते ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं, विहीणबाई! आणि मग तुम्ही, नवरीची आई, पुढं आलात. दोन चादरी अंथरल्यात. मी पहिलीवरून दुसरीवर गेले की तुम्ही मागची उचलून पळत पुढं आणायचात, वाकून अंथरायचात. परत मागची पुढं. सबंध गल्ली. तुमचा गुडघा तेव्हाही दुखायचा, वाकताना तुम्ही एक हात त्याच्यावर ठेवायचात. तुम्ही एकदाही वर बघितलं नाही. मला तुमचा नुसता भांग दिसत होता आणि त्यातून वाहणारा घाम. मी मांडवात पोचले, आणि मला वाटलं, आपला मान राहिला.

तो मान माझ्या अंगावरून उतरायला किती वर्षं लागली, मोजलं नाही. हळूहळू उतरला. पण उतरल्यावर तर तोंड उघडणं आणखीच अवघड झालं. इतक्या उशिरा कसं म्हणायचं, चुकलं म्हणून?

आणि तुम्ही मला तिथं गवतात बसून रस्ता काढून दिलात. हरायचं, की झालं! शर्तीच्या नावाखाली वाकायचं, दोन चादरी अंथरायच्या, मागची पुढं आणि मागची पुढं, आणि तोंडानं एक शब्द बोलावा लागणार नाही. त्या क्षणापासून मला हरायचंच होतं. तुम्हाला कळलं होतं का ते? मला वाटतं तुम्हीच ते तसं मांडलं होतंत. हे विचारायचं राहिलं.

पण मी तुमच्याशी भांडत मात्र राहिले. पट्ट्यांची बाजू सोडली असती तर तुम्ही एका मिनिटात ओळखलं असतं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दुपारी तुमचा शेवटचा फोन. तुम्ही कुठंतरी बघितलं होतं की फळी शिकणारा माणूस पहिले दोन दिवस नुसता बुडावर आपटतो. तुम्ही म्हणालात, "माह्यं बूड काय लहान हाये? मले काय लागनार हाये?" हसून झाल्यावर म्हणालात, "हारल्या तं वाकान नं, विहीनबाई?" मला तेव्हाच म्हणायचं होतं. तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "बघू." तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द हा. बघू.

तेरावा झाला. मनालीला जायचे दिवस जवळ आले. सगळे म्हणाले, तिकिटं रद्द करा. बायका दारात येऊन ऐकवून गेल्या, विहीण जाऊन महिना होतोय आणि ही बर्फात खेळायला निघाली. मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी बघू." मला तो शब्दच सोसवेना. पण तुमची लेक आतून एक पिशवी घेऊन आली. तुम्ही स्वतःसाठी घेतलेली लाल कानटोपी होती तिच्यात, किंमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. सुरेखा म्हणाली, "जा तुम्ही. आईची बॅग अजून भरलेली आहे. ती नाही गेली, निदान टोपी जाऊ द्या."

तर विहीणबाई, तुमच्या टोपीसकट मी बर्फ बघितला!

काय सांगू! सरकी काढलेला सगळ्या खानदेशचा कापूस एका डोंगरावर पसरला तरी तसं दिसणार नाही. चावला तर दात शिवशिवतात. उन्हात बघितलं तर डोळ्यांत पाणी येतं. मी खाली बसून मूठभर उचलला आणि तुमच्या टोपीच्या घडीत कोंबला, हा तुमचा वाटा. तो कानामागून वितळत पाठीत उतरला आणि मी किंचाळले. रस्त्यावर भाड्यानं मिळणारे फुगीर कपडे आणि बूट घालून मी अशी दिसत होते, जशी दोन गाद्या घातलेली बाई. तिथला शिकवणारा उंच, गोरा, पहाडी माणूस. मला म्हणाला, "माताजी, आप तो बस फोटो के लिए ना?" मी म्हटलं, "फोटो के लिए नहीं, शर्त के लिए." त्याला काही समजलं नाही. तेजूला ऐकू गेलं नाही, काळजी करू नका.

तेजूनं आधी पट्ट्या बांधल्या. पोरगी पट्ट्यांवर पहिल्याच तासात उभी राहिली! दुपारपर्यंत छोटा उतार सरळ उतरून आली, हात वर करून ओरडली, "आजी, तू म्हणत होतीस तसंच आहे, एकदम सोपं!" मी टाळ्या वाजवल्या आणि मनात म्हटलं, मेले. मी जिंकणार. मी जिंकले तर शर्तीप्रमाणं पायघड्या तुम्हीच टाकायच्या, आणि तुम्ही नाही. म्हणजे माझं वाकणं कायमचं राहणार. वरून परत एकदा तुमच्यावर माझाच मान.

मग मी ठरवलं, पट्ट्या किती वाईट आहेत हे तेजूला मीच पडून दाखवते. सांगायला बंदी आहे, पडायला नाही! मास्तरला म्हटलं, मला पण बांधा. त्यानं बांधल्या, पट्ट्यांची पुढची टोकं जुळवून उभं केलं, आणि म्हणाला, डरना मत. मी कशाला डरते? मी तर पडायलाच आले होते. अंग सैल सोडलं, गुडघे वाकवले, डोळे मिटले, आणि म्हटलं, जा आता एक यावलला, एक रावेरला.

नाही गेल्या! दोन्ही पट्ट्या सरळ निघाल्या. मी घसरतेय, वारा तोंडावर, मागून मास्तर ओरडतोय, "वाह माताजी! बस ऐसे ही, बदन ढीला!" बारा-पंधरा हात गेले असेन आणि आपोआप थांबले. उभीच्या उभी. पडायचं म्हणून अंग सोडलं, आणि अंग सोडणं हीच त्यातली खरी विद्या निघाली. लोक टाळ्या वाजवताहेत, तेजू मला मिठी मारतेय, आणि मी रडतेय. तिला वाटलं आनंदानं. होता, आनंदही होता, का नाही म्हणू? उडाल्यासारखं वाटलं हो, विहीणबाई. त्या पंधरा हातांत मी तुम्हालासुद्धा विसरले.

दुसरे दोन दिवस फळीचे. तुमची फळी! पोरगी इतकी आपटली की माझ्याच्यानं बघवेना. उभी राहिली की आपटली, वळली की आपटली. मी काठावर बसून मोजणं सोडून दिलं. मास्तर मला म्हणाला, असंच असतं. पट्ट्यांवर पहिल्या दिवशी उभं राहता येतं पण पुढं शिकायला फार वर्षं लागतात, आणि फळी आधी रडवते, मग एकदम जमते. मी म्हटलं, भाऊ, एकदम म्हणजे कधी? तो म्हणाला, कुणाला दुसऱ्या दिवशी, कुणाला कधीच नाही. फळीचा तो दुसरा आणि शेवटचा दिवस होता, आणि त्यातली अर्धी दुपार गेली होती. तेजू बर्फात पडल्या पडल्या आकाशाकडं बघत होती. मी जवळ गेले, म्हटलं, "बाळा, बस झालं. लागलं का?"

ती हसत होती. आवाज नव्हता, नुसते खांदे उडत होते.

मी तिच्याशेजारी बर्फात बसले. हे हसणं मी त्या पाटाखाली बघितलं होतं.

परतायच्या आधी आम्ही चहाच्या टपरीवर थांबलो. तेजूनं मोबाईलवर फॉर्म उघडला. माझा पेला हातात, ओठाला लावायचं भान नाही. मी विचारलं, जितकं सहज विचारता येईल तितकं, "मग, काय लिहितेस?"

"स्नोबोर्ड."

"अगं पण पट्ट्या तुला पहिल्या दिवशी जमल्या!"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "पट्ट्यांवरून उतरले तेव्हा वाटलं, झालं. फळीवरून पडले की वाटायचं, अजून एकदा. आणि आजी, तू रागावू नको हं, पण रावेरची आजी म्हणायची ना, पाय अडकायची भानगडच नाही. ते खरं आहे. एकदा जेव्हा जमलं ना, पाच सेकंद, तेव्हा पाय दोन आहेत हेच विसरायला झालं."

मी पेला खाली ठेवला आणि त्या टपरीवर, तुमची लाल टोपी घालून, दोन्ही हात वर करून ओरडले, "हारनू! हारनू मी!" टपरीवाला घाबरला. कुणीतरी विचारलं, माताजी को क्या हुआ? तेजूला तेव्हा मी शर्त सांगितली, आता बंदी उठली होती. पायघड्यांचंही सांगितलं, सगळं. तिनं मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "पण आजी तर नाही. अंथरणार कुणासाठी?"

ते माझं आधीच ठरलं होतं.

आज सकाळी सुरेखा गिरणीवर दळण आणायला गेली. मी कपाटातून दोन साड्या काढल्या. एक तो शालू, जो नेसून मी तुमच्या देवळाच्या पायरीवर उभी होते. दुसरी ती, केळीच्या चिकाची. दोन्हींच्या लांब घड्या केल्या आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. तुमची लेक कमरेवर पिठाचा डबा घेऊन वळली, आणि मी तिच्यासमोर वाकून शालू अंथरला.

"आई, काय झालं? पडलात का?"

"पडले नाही. हरले. पाय ठेव."

"अहो, काय हे, लोक बघताहेत."

समोरच्या खिडकीतून आवाज आला, "वं माय, हाई काय चाली राहिनं?" मी ओरडून सांगितलं, "याहीनबाईना मान शे! बठ्ठा जण बाजूले व्हा!" आमच्याकडं विहिणीला याहीन म्हणतात हे तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही त्यावरूनही मला चिडवायचात.

सुरेखा हलेना. मी वाकलेलीच. मला तिचे नुसते पाय दिसत होते, चपलेवर पिठाची भुकटी. मग ती हळूच म्हणाली, "मी खिडकीतून बघत होते, आई. त्या दिवशी."

बावीस वर्षं ही पोरगी माझ्या घरात आहे. माझं आजारपण काढलं, माझं बोलणं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "कधी बोलली नाहीस ती?"

"आईनं मांडवातच सांगितलं होतं. म्हणाली, हे तुझ्या सासूले कधी ऐकवू नको. तिले स्वतःले कयलं तं ती स्वतःच वाकीन."

विहीणबाई, तुम्ही बावीस वर्षं माझ्याकडं डोळे लावून होतात, आणि मी समजत होते की वाट बघायला मी लावतेय.

तिनं चपला काढल्या. उजवा पाय शालूवर ठेवला, मग डावा. तुमच्यासारखीच टाच जरा जोरात टेकते ती. मी चिकाची साडी पुढं अंथरली. ती तिच्यावर आली. मी मागं जाऊन शालू उचलला, पळत पुढं आले, वाकले. माझा गुडघा कटकन वाजला आणि माझा हात आपोआप त्याच्यावर गेला, अगदी तसाच. ती म्हणाली, "मागची मी घेऊ का?" मी म्हटलं, "तुझ्या आईनं कुणाला घेऊ दिली होती?" मागची पुढं. मागची पुढं. घाम भांगातून नाकावर आला. कुणी हसत होतं, कुणी मोबाईल काढला होता, तेजू आमच्या दारात उभी राहून खांदे उडवत होती आणि डोळे पुसत होती. मी वर बघितलं नाही. मजा येत होती हो मला! इतकी मजा, जणू खाली उतार होता आणि मी त्यावरून निघाले होते.

मग हात उंबऱ्याला लागला. वर बघते तर आमचंच दार.

आपली गल्ली इतकी आखूड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.